वाघा ओलांडण्याआधी आणि परतल्यावर

सर, नमस्कार.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडच्या तुमच्या वाचनगटात वीस-बावीस माणसं आहेत. बहुतेक निवृत्त शिक्षक आणि बँकेतले, शिवाय चार-पाच कॉलेजची मुलं. दुरावलेल्या शेजारी देशात, मुख्यतः पाकिस्तानात, तिथल्या माणसांना भेटायला म्हणून जायचं तुमच्या मनात आहे. अशा सहलींनी खरंच काही साधतं का, साधत असेल तर तयारी कशी करायची, आणि आत्ता वाटच बंद आहे तर करायचं काय, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत. मी २००५ पासून पुण्याहून असे गट नेले आहेत आणि तिकडून आलेले गट पुण्यात घरोघरी उतरवून घेतले आहेत. त्या अनुभवावरून लिहिते.

साधतं का? युद्ध थांबावं या अपेक्षेनं जाणार असाल तर जाऊ नका. दिल्ली-लाहोर बस फेब्रुवारी १९९९ मध्ये सुरू झाली, स्वतः पंतप्रधान वाजपेयी त्या बसनं लाहोरला गेले, आणि मे महिन्यात कारगिल सुरू झालं. बस मात्र कारगिलच्या काळातही धावत होती. ती बंद पडली संसदेवरच्या हल्ल्यानंतर, २००२ च्या सुरुवातीला, आणि जुलै २००३ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात, मार्च २००० मध्ये, म्हणजे कारगिलला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, आपल्या नागपूरच्या गांधीवादी कार्यकर्त्या निर्मलाताई देशपांडे स्त्रियांची एक बस घेऊन लाहोरला गेल्या होत्या. त्यांच्यावर तेव्हा टीकाही खूप झाली. त्यांच्या निधनानंतर पाकिस्ताननं त्यांना ‘सितारा-ए-इम्तियाज’ हा नागरी सन्मान दिला. त्यांच्या बसनं एखादी तरी गोळी अडवली का, याचं उत्तर देता येणार नाही. पण त्या बसमुळे दोन्हीकडच्या कितीतरी बायकांना एकमेकींचं नाव, गाव, घर माहीत झालं, आणि पुढे आमच्यासारख्यांना निमंत्रण पाठवायला तिकडे कुणीतरी होतं, हे मला स्वतःला माहीत आहे.

माझ्या मते अशा प्रवासाची कसोटी प्रवासात लागतच नाही. ती लागते परत आल्यावर, दोन-चार वर्षांनी, जेव्हा काहीतरी भयंकर घडतं आणि टीव्हीवर एकच आरडाओरडा चालू असतो. त्या दिवशी तुमच्या गटातला माणूस काय करतो, एवढंच मी पाहते. म्हणून तयारीही त्या दिवसासाठी करायची असते.

पहिल्या सहलीहून परतणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, “लोक किती प्रेमळ आहेत हो! दुकानदार पैसेच घेईनात.” हे खरं असतं. लाहोरात पाहुण्याला असाच मान मिळतो. पण हा अनुभव फार पातळ असतो. पहिल्या स्फोटाच्या बातमीला तो विरून जातो, आणि मग तोच माणूस “आपल्याला फसवलं” असं म्हणायला लागतो. मी हे पाहिलं आहे, म्हणून नुसत्या पाहुणचारावर विसंबू नका असं कळकळीनं सांगते.

माणसं एकमेकांना दिसली की गैरसमज जातात, हे अर्धसत्य आहे. दक्षिण कोरियातून उत्तर कोरियातल्या कुमगांग पर्वतावर १९९८ पासून सहली जायच्या. दहा वर्षांत जवळजवळ वीस लाख लोक गेले. पण पर्यटकांची वाट कुंपणानं वेगळी काढलेली, गावकऱ्यांशी बोलणं नाही, डोंगर बघायचा आणि परत यायचं. जुलै २००८ मध्ये एका दक्षिण कोरियन बाई बंदी असलेल्या भागात गेल्या, सैनिकानं गोळी घातली, आणि सहली थांबल्या त्या थांबल्याच. वीस लाख माणसं जाऊन आली, तरी एका घराचा दुसऱ्या घराशी संबंध जुळला नव्हता. याउलट फ्रान्स आणि जर्मनी. १९६३ साली करार झाला आणि त्याच वर्षी दोघांनी मिळून तरुणांच्या देवाणघेवाणीचं कायमचं कार्यालय काढलं. मुलं एकमेकांच्या घरी राहिली, शाळेत बसली, गावांनी गावांशी जोड्या जुळवल्या. अर्थात तिथे सरकारं पाठीशी होती, आपल्याकडे ती क्वचितच असतात, हा फरक मोठा आहे.

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच याच्या चार अटी सांगून ठेवल्या आहेत: भेटणारे बरोबरीच्या नात्यानं भेटावेत, दोघांचं उद्दिष्ट एक असावं, ते गाठायला एकमेकांची मदत लागावी, आणि वरिष्ठांचा त्याला पाठिंबा असावा. यातली चौथी अट आपल्या हातात नाही. पहिल्या तीन पूर्णपणे आपल्या हातात आहेत, आणि सहलीचा कार्यक्रम आखताना मी आजही त्याच तीन धरून बसते.

आता तयारी. आमच्याकडे निघण्याआधी किमान सहा महिने दर पंधरा दिवसांनी बैठक होते. पहिल्या दोन बैठकांत पाकिस्तानविषयी काही बोलायचंच नाही, पुण्याविषयी बोलायचं. आपल्या घरातून, आपल्या गावातून तिकडे जाणारा धागा प्रत्येकानं शोधून आणायचा. लोकांना आधी वाटतं, मराठी माणसाचा तिकडे काय संबंध? फाळणी पंजाब्यांची, सिंध्यांची, बंगाल्यांची. मग एकेक निघायला लागतं.

आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू २३ मार्च १९३१ ला भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर फाशी गेले ते लाहोरच्या मध्यवर्ती तुरुंगात. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय पहिल्यांदा काढलं ते मुंबईत नाही, पुण्यात नाही, ५ मे १९०१ ला लाहोरला. मिरजेचे विनायकबुवा पटवर्धन लहान वयात तिकडे शिकायला गेले आणि पुढे १९३२ साली त्यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तुमच्या गटातल्या कुणाच्या तरी आईनं नाहीतर आत्यानं तिथे गाणं शिकलेलं असणार. मिरजेत ज्यांची कबर आहे त्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या शिष्या रोशन आरा बेगम १९४८ साली पाकिस्तानात गेल्या आणि पंजाबातल्या लालामुसा गावी राहिल्या. खाँसाहेबांचे दुसरे शिष्य सवाई गंधर्व, आणि त्यांचे भीमसेनजी. म्हणजे डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवात आपण शाली गुंडाळून ज्या घराण्याचं गाणं ऐकतो, त्याच घराण्याची एक फांदी तिकडे आहे.

कराची तर १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होती. तिथली सर्वात जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं आजही चालते. सगळे तिला एन.जे.व्ही. म्हणतात. तुमच्या गटातल्या शिक्षकांना ही माहिती देऊन पाहा, कसे सरसावून बसतात. आणि मोहेंजोदडो शोधणारे राखालदास बॅनर्जी तेव्हा पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागाचे अधिकारी होते, त्या विभागाचं मुख्य ठाणं पुण्यात होतं. फाळणीनंतर तिथल्या वस्तूंचीही वाटणी झाली. नर्तकीची मूर्ती दिल्लीत, त्या दाढीवाल्या पुरोहिताची कराचीत, आणि एक मण्यांचा हार तर चक्क तोडून दोन देशांत वाटला. कॉलेजच्या मुलांना मी काही न सांगता त्या हाराचे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवते.

अटकेपार झेंडे हा विषयही निघतोच. निघू द्या. १७५८ साली मराठे लाहोरला आणि पुढे अटकेपर्यंत पोहोचले, हे खरंच आहे. फक्त तिकडे गेल्यावर पहिल्याच दिवशी ते अभिमानानं सांगायचं नाही, एवढं मी बजावते. त्यांच्या गावावर कुणी चाल करून गेल्याची ती गोष्ट आहे. एकदा आमच्यातले एक काका लाहोरच्या किल्ल्यात ते मोठ्यानं बोलले. तिथले एक वयस्कर इतिहासाचे प्राध्यापक शांतपणे म्हणाले, “आपके पेशवा का लफ़्ज़ ही फ़ारसी का है, आइए, वहीं से शुरू करते हैं.” आणि मग तासभर त्या दोघांनी शब्दच शोधले. पेशवा, फडणीस, दप्तर, कागद, अर्ज, फिर्याद, हंगाम, मजकूर, खुर्ची. काकांनी परत आल्यावर घरातलं जुनं दप्तर उघडलं आणि मोडी शिकले.

यावरून आठवलं. जाण्याआधी उर्दू लिपी शिका. भाषा नाही, नुसती लिपी. हिंदी समजणाऱ्याला बोलणं आपोआप समजतं. पाट्या वाचता येण्याइतकी लिपी सहा-सात आठवड्यांत येते. दुकानाची पाटी अडखळत वाचणारा साठीचा माणूस पाहून समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं, ते कुठल्याही मैत्रीच्या भाषणानं येत नाही. तुम्ही त्याच्यासाठी कष्ट घेऊन आला आहात, हे त्याला तिथल्या तिथे कळतं.

कागदपत्रांचं सविस्तर लिहीत नाही, कारण नियम बदलत राहतात आणि सध्या तर सगळंच ठप्प आहे. दोनच गोष्टी ध्यानात ठेवा. या दोन देशांमधला व्हिसा देशाचा नसतो, शहरांचा असतो. लाहोरचा व्हिसा असेल तर तासाभरावरच्या कसूरलाही जाता येत नाही. आणि पोहोचल्यावर चोवीस तासांत पोलिसांत नोंद, निघण्याआधी पुन्हा नोंद, म्हणजे ज्याला आम्ही ‘रिपोर्टिंग’ म्हणतो, ते बहुतेकांना चुकत नाही. २०१२ च्या करारात दहा ते पन्नास जणांच्या गटासाठी वेगळा पर्यटन व्हिसा ठरला होता. पुढेमागे वाट उघडली तर तुमच्यासारख्यांना बहुधा तोच मार्ग असेल, आणि त्यात सगळ्यांनी एकत्रच राहायचं असतं. एखाद्याला मध्येच मावशीच्या जुन्या घराकडे जायचं असेल तर ते त्यात बसत नाही, हे आधीच सांगून टाका.

आता कार्यक्रम. अमृतसरहून जाताना संध्याकाळचा वाघ्याचा संचलनाचा सोहळा पाहून मग दुसऱ्या दिवशी सीमा ओलांडायची, अशी टूम असते. मी ते कधीच करत नाही. तिथे माणूस घोषणा देऊन घसा बसवून घेतो, आणि त्याच मनानं दुसऱ्या दिवशी माणसांना भेटतो. आम्ही सकाळी लवकर जातो, चालत. घड्याळ अर्धा तास मागे करायचं, सामान उचलायचं आणि पांढऱ्या रेषेवरून पलीकडे. पहिल्यांदा जाणारे तिथे गप्प होतात. त्या वेळी गाईडनं काही बोलू नये.

आमची २००५ ची सहल मार्चच्या उत्तरार्धात होती, राजगुरूंच्या स्मृतिदिनासाठी मुद्दाम तशी आखलेली. अठरा जण होतो. तो तुरुंग आता नाही, पाडून तिथे शादमान नावाची वसाहत झाली. फाशीची जागा होती तिथे आता रहदारीचा चौक आहे, आणि लाहोरचे काही नागरिक दरवर्षी २३ मार्चला तिथे मेणबत्त्या लावतात. आम्ही खेडच्या वाड्याचा, भीमेच्या काठावरच्या त्या घराचा फोटो नेला होता. भगतसिंग त्यांना घरातले, लायलपूर जिल्ह्यातले. राजगुरू कुठले, हे तिथल्या बऱ्याच जणांना पहिल्यांदाच कळलं.

पण एक गोष्ट माझ्याकडून राहून गेली होती. २३ मार्च हा तिकडे ‘पाकिस्तान दिन’ असतो. १९४० चा लाहोर ठराव त्याच तारखेशी जोडलेला. शहरभर हिरव्या पताका, लाउडस्पीकर, मुलं नवीन कपड्यांत. आपल्या हुतात्म्यांच्या दिवशी ही जल्लोषाची हवा पाहून आमच्यातले दोघं-तिघं फार दुखावले. रात्री जेवणाच्या टेबलावर वाद पेटला. त्याआधी तीन दिवस मीच नियम घातला होता: काश्मीर नाही, फाळणी नाही, राजकारण नाही. दाबलेलं सगळं त्या रात्री बाहेर आलं, आमच्या यजमानांच्या घरात, त्यांच्या आजीसमोर.

तो नियम चुकीचा होता. त्यानंतर मी कुठलाही विषय वर्ज्य केला नाही. एकच पथ्य ठेवलं: वर्तमानपत्रातलं बोलायचं नाही, स्वतःच्या घरात घडलेलं बोलायचं. त्या रात्रीही शेवटी ते तसंच सुटलं. त्या आजी म्हणाल्या, मी जालंधरची. सत्तेचाळीस साली सात वर्षांची होते. ठरावाचं मला काही कळत नाही, पण या शहरानं मला उतरवून घेतलं, म्हणून मी पताका लावते. मग आमच्यातल्या एका बाई बोलल्या, त्यांचा भाऊ कारगिलमध्ये मारला गेला होता. कुणी कुणाला उत्तर दिलं नाही. दोघींचं बोलणं झाल्यावर बराच वेळ कुणी उठलं नाही. एकमत झालं असं मी म्हणणार नाही, झालंही नाही. पण जालंधरची आजी आणि कारगिलचा भाऊ, दोघंही एकाच खोलीत मावले.

त्याच आठवड्यात होळी होती. आम्ही सहज बोललो की आज घरी पुरणपोळी असती. यजमानीणबाई म्हणाल्या, मग करा. हरभऱ्याची डाळ होती, गूळ होता, जायफळ शोधायला अर्धा बाजार पालथा घातला. पुरणयंत्र नाही, म्हणून डाळ गाळणीवर वाटीनं घासून काढली. त्यांच्या आट्याचा अंदाज आम्हाला येईना, पहिल्या दहा पोळ्या फुटल्या. मग त्यांच्या सुनेनं पराठे लाटायच्या पद्धतीनं एक लाटून दाखवली, ती टिकली. चाळीस जणांचा स्वयंपाक होता, रात्री दहापर्यंत चालला. आधीच्या दिवसांत इतकं हसणं-बोलणं, इतकं एकमेकींना “अगं, असं नाही” म्हणणं कुठेच झालं नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक सहलीत एक दिवस तरी मी असा ठेवते की दोन्हीकडच्यांनी मिळून काहीतरी करायचं आणि ते दुसऱ्याशिवाय होणार नाही. गाण्याची बैठक ठेवा, पण ऐकायला बसवू नका, दोघांना मिळून बसवायला लावा. शाळेत गेलात तर भाषण करू नका, शिक्षकांना विचारा की भागाकार कसा शिकवता. शिक्षक म्हणून तुम्हाला हे पटेलच.

जुनी घरं पाहायला जाण्याविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे सर्वांत जास्त चुका होतात. आमच्या एका गटात पिंपरी कॅम्पातल्या एक सिंधी बाई होत्या. जन्म कराचीचा, घर सोडलं तेव्हा नऊ वर्षांच्या. त्यांना फक्त तो जिना पाहायचा होता. मी काय केलं, सगळ्या गटाला घेऊन गेले. दारात अकरा माणसं पाहून आतली बाई घाबरली. तिला वाटलं, घर मागायला आलेत. दार अर्धंच उघडलं, आणि आमच्या बाई जिन्याखाली उभ्या राहून परतल्या. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण ते मी विसरले नाही. आता मी आधी पत्र पाठवते, ओळखीच्या माणसाकरवी. पत्रात स्पष्ट लिहिते की मालमत्तेचा काही प्रश्न नाही, जुने कागद कुणी बरोबर आणणार नाही. मग एकच माणूस आणि फार तर सोबतीला एक जण, आणि हातात काहीतरी गोड. पुढच्या खेपेला तसं केलं, तर घरच्यांनी स्वतःच अंगणातल्या कडुलिंबाच्या काड्या तोडून दिल्या. त्याच घरातले म्हातारे आजोबा मग हळूच म्हणाले, आमचं घर जुनागढला होतं, तिकडे कुणी जाणार असेल तर एक फोटो मिळेल का? तो फोटो मिळवून पाठवायला आम्हाला आठ महिने लागले. पाठवला.

आणखी एक गोष्ट, हिच्याबाबत मी अजिबात तडजोड करत नाही. आपण पाच दिवसांनी परत येतो, यजमान तिथेच राहतात. आपल्यामागे त्यांच्याकडे कुणी चौकशीला येऊ शकतं, शेजारी टोमणे मारू शकतात. दोन्ही देशांत हे घडतं. म्हणून यजमानांचे फोटो, त्यांची नावं, त्यांनी जेवताना विश्वासानं सांगितलेली मतं समाजमाध्यमांवर टाकायची नाहीत. व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक ग्रुपवरही नाहीत, कारण तिथून ते कुठे जाईल सांगता येत नाही. तुमच्या मुलांना हे जड जाईल. ज्याला जमणार नसेल त्याला नेऊ नका, मग तो कितीही हुशार असो.

इथवरचा भाग सहलीचा अर्धाच आहे. उरलेला अर्धा म्हणजे त्यांना आपल्याकडे बोलावणं, आणि तोच अवघड. पाहुणा म्हणून चांगलं वागणं सोपं असतं. यजमान झालं की आपली खरी परीक्षा होते. २००६ च्या हिवाळ्यात लाहोरचे चौदा जण पुण्यात आले, तेव्हा हे मला नीट समजलं. यजमानाचं हमीपत्र, त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही, घरी उतरवायचं तर सी-फॉर्म, म्हणजे परदेशी पाहुण्याची माहिती कळवायचा अर्ज, पाहुण्यांची पोलिसांत नोंद. सहीसाठीच आमच्यातले काही जण तीन-तीन कचेऱ्या फिरले. एका सोसायटीत अध्यक्षांनी हरकत घेतली की असले लोक इथे नकोत. ज्यांच्याकडे पाहुणे उतरणार होते ते आमचे सदस्य तोवर फार मवाळ, कुणाशी न भांडणारे गृहस्थ होते. ते सोसायटीच्या सभेत उभे राहिले आणि म्हणाले, माझ्या पाहुण्यांची जबाबदारी माझी, लिहून देतो. लाहोरला जाऊन आल्यानं त्यांच्यात जेवढा बदल झाला नव्हता, तेवढा या एका वाक्यानं झाला. तिसऱ्या दिवशी त्याच अध्यक्षांच्या पत्नीनं पाहुण्यांसाठी उकडीचे मोदक पाठवले.

पुण्यात त्यांना काय दाखवायचं, हेही विचार करून ठरवा. आम्ही आगाखान पॅलेस ठेवतो. गांधीजी तिथे कैदेत होते, कस्तुरबा आणि गांधीजींचे सचिव महादेवभाई तिथेच वारले. आणि तो वाडा बांधणारे आगाखान जन्मले कराचीला. त्यांना त्यांचा धागा इथे सापडतो, आपल्याला आपला. खेडला राजगुरूंच्या वाड्यावर नेतो. आणि एक संध्याकाळ काहीच ठेवत नाही, प्रत्येकानं आपापल्या यजमानाबरोबर भाजी आणायला जायचं. मंडईतली ती संध्याकाळ सगळ्यांच्या लक्षात राहिली आहे.

आता त्या वाईट दिवसांविषयी. १३ फेब्रुवारी २०१० ला कोरेगाव पार्कात जर्मन बेकरीत स्फोट झाला, सतरा जण गेले. रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास मला लाहोरहून फोन आला. होळीच्या पोळ्या लाटणारी ती सून. तिनं आमच्या अठराही जणांची नावं एकेक करून विचारली. आणि शेवटी रडत म्हणाली, मला काय बोलावं कळत नाही, म्हणून नावंच विचारतेय. दुसऱ्या दिवशी आमच्या गटात संताप होता, असायलाच हवा होता. पण “ते सगळेच” असं म्हणायला कुणाची जीभ वळेना. डिसेंबर २०१४ मध्ये पेशावरच्या शाळेत मुलांना ठार मारलं, तेव्हा फोन आमच्याकडून गेला. आमच्यातल्या शिक्षिकांनी आपापल्या वर्गातल्या मुलांकडून पत्रं लिहून घेतली आणि ती लाहोरच्या एका ओळखीच्या शाळेतल्या शिक्षकांना पाठवली. माझ्या कामाचं फळ मला विचाराल तर हे दोन दिवस दाखवीन.

शेवटचा प्रश्न, आत्ता काय? ऑगस्ट २०१९ मध्ये समझौता आणि थार एक्सप्रेस या दोन्ही देशांमधल्या रेल्वेगाड्या थांबल्या. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर वाघ्याच्या आपल्या बाजूचं अटारीचं नाकं बंद झालं, व्हिसे रद्द झाले, पुढे मे महिन्यात कर्तारपूरच्या गुरुद्वाऱ्याची वाटही बंद झाली. पहलगामला मारल्या गेलेल्यांत आपल्या पुण्यातलीही माणसं होती. त्यांच्या घरांसमोरून रोज जाणाऱ्यांना मी आज मैत्रीच्या गोष्टी सांगायला जात नाही. राग आणि दुःख यांना त्यांचा वेळ द्यावा लागतो. गटात अशी कुणी व्यक्ती असेल तर तिला पटवायला जाऊ नका, तिचं ऐका.

पण वाट उघडेपर्यंत रिकामं बसायचीही गरज नाही. ज्यांच्या ओळखी आहेत ते काठमांडूसारख्या तिसऱ्या ठिकाणी भेटू शकतात, तिथे जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. मुलांना सराव हवा असेल तर चीनकडे वळा. तिकडची दारं २०२५ पासून पुन्हा किलकिली झाली आहेत, कैलास-मानसरोवरची यात्रा सुरू झाली आहे, आणि सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी हबेई प्रांतात शिजियाझुआंगला आहे. १९४२ साली तिकडच्या जखमी सैनिकांची सेवा करताना गेलेला हा आपला माणूस तिथल्या लोकांना आजही माहीत आहे. मराठी गटाला तिथे जायला याहून चांगलं निमित्त नाही.

आणि त्याहीआधी पिंपरी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी तिथे होती, तुमच्या कोथरूडपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. शिकारपूर, हैदराबाद, कराची सोडून आलेली जी माणसं अजून आहेत ती नव्वदीच्या आसपास आहेत, आणि त्यांना मराठी उत्तम येतं. सहा महिन्यांच्या बैठकांची सुरुवात तिथून करा. तिघांहून जास्त जण एका घरी जाऊ नका. पहिल्या भेटीत वही काढू नका, मोबाइलवर रेकॉर्डिंग तर नाहीच. दिलेला चहा प्या, नातवंडांची चौकशी करा आणि पुन्हा येऊ का एवढं विचारून निघा. दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला ती माणसं स्वतःच म्हणतात, बस, लिहून घे, आमच्या गल्लीचं नाव सांगते.